सव्वा मूठ गहू

पारोळ्याच्या अलीकडे आमच्या गावचा फाटा लागतो. तिथल्या बाभळीखाली मी धुळ्याच्या एस.टी.ची वाट बघत उभा होतो, तेव्हा खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि पोट आदल्या दिवसापासून रिकामं होतं. चौऱ्याऐंशी सालचा श्रावणातला सोमवार. गावातून कानबाई विसर्जनाला निघाली होती आणि डफांचा आवाज फाट्यापर्यंत येत होता. घरातून निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पिशवी उघडून आजोबांचा रंधा तेवढा काढून घेतला होता. "हाऊ कुळना शे," एवढंच ते बोलले. माय ओट्यावर उभी होती, हाताला पीठ तसंच. ती म्हणाली, "जेवीसन जा रे भाऊ." मी पायऱ्या उतरून चालू लागलो. गाडी आली, मी चढलो, आणि मागे बघायचं नाही असं ठरवून पुढच्या काचेकडे बघत बसलो.

आमच्या गावाहून धुळं दीड-दोन तासांवर आहे. कुणी दुबईला जातं, कुणी अमेरिकेला. मी पारोळ्याहून धुळ्याला गेलो आणि तिथून घरी यायला मला सात वर्षं लागली. हे लिहितोय ते माझ्या धाकट्या भावासाठी, भिकनसाठी, कारण त्यानं सगळं एका बाजूनं पाहिलं. आणि लिहितोय ते येशूच्या मागे निघालो म्हणून घराबाहेर पडलेल्या पोरापोरींसाठी. ती मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काका, तुमचं कसं झालं?" तर माझं असं झालं.

खान्देशाबाहेरच्या वाचकाला आधी कानबाईचे रोट सांगायला हवेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याला जाड पोळीसारखे रोट करतात, आणि त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. माय सुपात गहू टाकताना एकेक नाव घ्यायची. परगावी असलेल्याचंही नाव घ्यायची. रोट खायचा तो भाऊबंदांनीच, बाहेरच्याच्या ताटात त्याचा तुकडाही पडत नाही. थोडक्यात, आपण कुणाचे हे आमच्या घरात कागदावर नव्हतं, त्या सुपात होतं.

आम्ही सुतार. आयटीआय करून मी जळगावला बाकं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. तिथले मिस्त्री म्हणजे शांतवनभाऊ, धुळ्याचे ख्रिस्ती गृहस्थ, उंच, कानावर कायम पेन्सिल. डबा उघडण्याआधी ते डोळे मिटून दोन मिनिटं गप्प बसायचे आणि आम्ही पोरं तेवढ्यात त्यांच्या डब्यातलं लोणचं लांबवायचो. त्यांना ते कळायचं. पुढे पुढे ते लोणचं जास्तच आणू लागले.

एकदा एका शाळेची बाकं जायची होती. मी घाईत एका पायाला चिरलेलं लाकूड लावलं, चिरेत भुसा आणि सरस भरला, वरून पॉलिश मारलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मालक बघायला आले, त्यांनी नेमक्या त्याच बाकावर बूड टेकलं आणि पाय मोडला. मालकांनी विचारलं, कुणाचं काम? मी खाली बघत होतो. शांतवनभाऊ म्हणाले, "माझ्या हाताखालून गेलंय, माझी चूक." त्यांनी सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या, सुटी झाल्यावर थांबून नवा पाय बसवला, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. चार दिवस मला जेवण गोड लागेना. शेवटी मीच त्यांना गाठून विचारलं, "तुम्ही का घेतलं अंगावर?" ते म्हणाले, "माझं कुणीतरी घेतलं होतं, म्हणून." मग त्यांनी मला येशूबद्दल सांगितलं. त्याआधी मला येशू म्हणजे कॅलेंडरवरचा गोरा माणूस एवढंच माहीत होतं.

पुढचं वर्षभर मी त्यांच्याबरोबर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊन शेवटच्या बाकावर बसत होतो. बाक बघून ते कुणी केलं असेल याचा विचार करायचो आणि मधूनमधून उपदेश ऐकायचो. पण एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले की येशूला घरातली एक खोली देऊन भागत नाही, किल्ल्यांचा जुडगाच द्यावा लागतो. ते माझ्या काळजाला भिडलं. माझ्या मनात एक चिरलेला पाय होता आणि मी आयुष्यभर त्यात भुसा भरत बसलो असतो. मी तिथेच गुडघे टेकले आणि म्हणालो, प्रभू, सगळंच घे. खोटं सांगत नाही, इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मे महिन्यात माझा बाप्तिस्मा झाला. नाव बदलायचं का, असं मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सुकलाल या नावानंच देवानं तुला हाक मारली ना? मग राहू दे." मी सुकलालच राहिलो.

घरी सांगायची हिंमत होईना. पण गावाला बातमी माझ्याआधी पोचली होती. पारावरची माणसं म्हणायची, "सुतारना पोऱ्या सुतारना पोऱ्याना नादे लागना!" येशूचा बाप सुतार होता हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मला मात्र आजही ते बोलणं आवडतं. माझी इतकी नेमकी ओळख दुसऱ्या कुणी करून दिलेली नाही.

त्या श्रावणात मी कानबाईला घरी गेलो. पंगत बसली, काका, चुलतभाऊ, भिकन. मायनं माझ्या ताटात रोट वाढला. मी मनाशी ठरवूनच आलो होतो की मूर्तीपुढचं खायचं नाही, आता आपण पूर्णपणे प्रभूचे आहोत. इथवर ठीक होतं. पण मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्या अंगात नवा जोर होता. हात जोडून "मला चालत नाही" म्हणण्याऐवजी मी ताटच पुढे सरकवलं. सर्रकन आवाज झाला. वाटीतली खीर जमिनीवर सांडली. मायनं धावत येऊन पदरानंच ती पुसायला घेतली. आबा शांतपणे म्हणाले, "जो रोट खात नही, तो आमना कुळना नही." मी उठलो. त्या दिवशी मला वाटलं, मी परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालो.

धुळ्यात शांतवनभाऊ आधीच परत आले होते. एका मिशन शाळेच्या वर्कशॉपमध्ये ते मुलांना सुतारकाम शिकवत, त्यांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. कंपाउंडात कडुनिंबाखाली एक खोली मिळाली. मी घरात अहिराणी बोलणारा, इथे सगळे पुस्तकातलं मराठी बोलायचे. "जेवण झालं का?" ऐवजी "प्रभूची स्तुती असो" म्हणायला जीभ वळायला सहा महिने लागले. प्रार्थनेत मात्र मी अडकलो की अहिराणीत घुसायचो, आणि म्हाताऱ्या बायका डोळे मिटल्यामिटल्या हसायच्या. घरी श्रावण सुरू झाला की सगळे सण ओळीनं यायचे. इथे आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा रविवार. पहिल्या नाताळला करंज्या तळताना शेजारणीनं मला झारा दिला आणि म्हणाली, "आता घरचाच आहेस, उभा काय राहिलास?" तिनं हे सहज म्हटलं, पण मी झारा घेऊन मागच्या दारी जाऊन रडून आलो.

दर नाताळला मी आबांच्या नावे पोस्टकार्ड टाकायचो. उत्तर कधी आलं नाही. सत्त्याऐंशी साली माझं लग्न झालं. रूथ शांतवनभाऊंची भाची, बालवाडीत शिकवायची. गावाला पत्रिका पाठवली, कुणी आलं नाही. आईबापांच्या जागी शांतवनभाऊ आणि त्यांची बायको उभी राहिली. मग मुलगी झाली, काही वर्षांनी मुलगा. देवानं काही कमी केलं नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो.

आता माझी चूक सांगतो. आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आपल्याला कसं बोलावलं ते उभं राहून सर्वांसमोर सांगायचं. माझी साक्ष फार गाजली. खान्देशात जिथे म्हणून सभा व्हायची, तिथे "सुकलालभाऊंना बोलवा" असा निरोप यायचा. चाळीसगाव झालं, जळगाव झालं. साक्षीचा कळस म्हणजे ते ताट. पहिल्या वर्षी मी ते सरकवलं असं सांगितलं. दुसऱ्या वर्षी ढकललं. पाचव्या वर्षापर्यंत ते भिंतीवर जाऊन आदळू लागलं होतं. लोक "आमेन" म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. खीर पुसणारी माय मात्र माझ्या साक्षीत कधीच नव्हती. तिला सांगायला वेळ पुरत नसे.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर मंडळीत हंगामाचा सण होता. त्या दिवशी लोक आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवाला आणतात. ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडलं जातं. पाळकसाहेबांनी मला साक्षीला उभं केलं. मी रंगात आलो. ताट भिंतीवर आदळलं. लोक "आमेन" म्हणाले. मी खाली उतरलो आणि बाकांच्या ओळीतून मागे बघितलं. शेवटच्या बाकावर माय बसली होती. मांडीवर गाठोडं. शेजारी भिकन, मान खाली घातलेला.

नंतर दारावरच्या बाईंनी मला सांगितलं, त्यांनी गाठोडं पाहून विचारलं होतं, "आजी, देवासाठी आणलंय का? पुढे ठेवा." माय म्हणाली होती, "नही बाई. पोऱ्यासाठे आनेल शे."

भक्ती संपेपर्यंत मी कसा बसलो ते मला आठवत नाही. बाहेर कडुनिंबाखाली मी तिच्या पायांशी वाकलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग म्हणाली, "ताट इतलं दूर नव्हतं गयं रे भाऊ."

चिडून नाही म्हणाली. एखादं माप चुकलं तर आबा सांगायचे तसं सांगितलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. सात वर्षं मी म्हणत होतो, प्रभू, सगळं तुझं. आणि ही एक साक्ष मी स्वतःसाठी राखून ठेवली होती, घासूनपुसून, वरून पॉलिश मारून.

खोलीवर आल्यावर तिनं गाठोडं सोडलं. आत जुन्या धोतराच्या फडक्याच्या सात लहान पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत गहू. राखेत घोळलेले, कडुनिंबाची वाळलेली पानं घातलेले. या कशाच्या, मी विचारलं. माय सांगू लागली. मी गेलो त्याच्या पुढच्या श्रावणात ती सुपात गहू काढत होती. आबांच्या भीतीनं तिनं माझं नाव घेतलं नाही. आबा दारात उभे राहून सगळ्यांची नावं ऐकत होते. ते म्हणाले, "बठ्ठास्न्या मुठी व्हयन्यात? सुकलालनी कोठे शे?" तिनं घाबरत माझी मूठ काढली आणि सुपात टाकणार, तोच आबा पुन्हा म्हणाले, "जातामा टाकू नको. त्याले चालाव नही. येगळी ठेव."

"तवयपशी येगळीच ठेवस," माय म्हणाली. "हाई देवले दाखाडेल नही. तू तुना देवना व्हयना, पन मना पोटनाच शे ना?"

भावाबहिणींनो, मी आतापर्यंत खूप उपदेश ऐकले. दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान कसा ठेवावा, हे माझ्या न शिकलेल्या बापानं तीन वाक्यांत दाखवून दिलं, तेही मी त्याच्या घरात ताट सरकवल्यावर. आणि मी सात वर्षं समजत होतो की त्यानं मला मोजायचं सोडलं.

भिकननं मग खरी गोष्ट काढली. दसऱ्याच्या सुमारास आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं जड झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. त्यांनी मला बोलावलं होतं का, असं मी विचारलं. भिकन म्हणाला, "बोलावं नही. पन दारकडे देखत ऱ्हास."

रूथनं परात पुढे घेतली. जुने गहू, सोंडे लागलेले. ती आणि माय दोघी निवडायला बसल्या, चांगले दाणे बाजूला काढले, ते पुरेनात म्हणून आमच्या डब्यातले थोडे मिसळले. दळून आणले. माय कणीक मळत होती आणि रूथ तिच्या हाताकडे बघत होती. रूथ अहिराणी बोलत नाही, मायला पुस्तकी मराठी उमजत नाही, पण दोघींचं छान चाललं होतं. माझी तीन वर्षांची पोर आजीच्या मांडीवर चढून पिठात बोटं घालत होती. मी ओसरीवर जाऊन गुडघे टेकले. नवं काही मागितलं नाही. फक्त म्हणालो, प्रभू, ही एक किल्ली राहिली होती, ही पण घे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही सगळे निघालो. तोच फाटा, तीच बाभळ. या वेळी मी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बघत होतो.

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. इतके लहान झाले होते. मी पाया पडलो. भिंतीशी भिकनचं काम मांडलेलं होतं आणि त्यावर आजोबांचा रंधा, धार लावलेला. मी तो मागितला नाही. भिकनच्या हाताला तो माझ्यापेक्षा छान बसतो.

मायनं आमच्या दोघांच्या मध्ये एकच ताट ठेवलं आणि फडक्यातून रोट काढला. आबांनी विचारलं, जड जिभेनं, "हाऊ कोना?" माय म्हणाली, "सुकलालना. सात सालना." आबांनी डाव्या हातानं रोटाचे दोन तुकडे केले. एक स्वतःला ठेवला, एक माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "खा. आते ताट सरकाडू नको."

काका बघत होते, चुलतभाऊ दारात उभे होते. जेवणाआधी मी प्रार्थना करतो; ती गिळून टाकली असती तरी त्या क्षणी कुणी मला दोष दिला नसता. पण जे सोडायचं नव्हतं ते सोडून घरात शिरलो असतो, तर बापाच्या त्या सात मुठींचा काय उपयोग होता? मी हात जोडले. डोळे मिटले. मोठ्यानं, माझ्या अहिराणीत, येशूचे आभार मानले, अन्नासाठी, मायसाठी, आबांसाठी. आमेन म्हणून डोळे उघडले. आबांच्या हातातला घास तसाच होता. तोंडापाशी नेलेला, थांबलेला. माझं संपायची ते वाट बघत होते.

मग आम्ही दोघांनी मिळून खाल्लं.

त्यानंतर पुढच्या रविवारी मी मंडळीत उभा राहिलो आणि साक्ष दुरुस्त केली. ताट भिंतीवर आदळलं नव्हतं, वीतभर सरकलं होतं, खीर सांडली होती आणि ती माझ्या आईनं पदरानं पुसली होती. त्या दिवशी कुणी "आमेन" म्हटलं नाही. शांतवनभाऊंनी तेवढी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि डोळे पुसले. सभांची निमंत्रणं कमी झाली, त्याचं मला काही वाटत नाही.

पोरापोरींनो, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. कानबाईपुढचा रोट मी तेव्हा नाकारला, आजही नाकारेन. येशूला आयुष्य दिल्याचा एका दिवसाचाही पस्तावा मला नाही, दहा वेळा जन्मलो तर दहा वेळा देईन. पण ताट सरकवायला येशूनं सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. स्वतःला वाहून द्यायचं म्हणतो ना आपण, त्यात हे पण आलं.

आबा त्र्याण्णव साली गेले. माय आहे, आता ऐंशीच्या घरात. माझं घर धुळ्यात आहे, इथेच मी हाडं टेकणार आणि इथून प्रभूकडे जाणार. तरी दर श्रावणात भिकन पारोळ्याहून पुरचुंडी घेऊन येतो. पूर्वी तिच्यात माझी एकट्याची मूठ असायची, मग मुलगा झाला तशी त्याची आली. गेल्या वर्षी बघतो तर तीन पुरचुंड्या. तिसरी कुणाची? माझ्या पोरीची. मी भिकनला म्हटलं, अरे, मूठ पुरुषांची काढतात ना? तो हसायला लागला. त्यानंही मायला तेच विचारलं होतं. माय म्हणाली होती, "ती मूठ कानबाईपुढे जातच नही. मंग पोरले कसाले नही म्हनू?"

पोरीनं ती पुरचुंडी स्वतः सोडली, गहू ताटात ओतले आणि माय सुपात टाकताना घेते तसं मोठ्यानं स्वतःचंच नाव घेतलं. मग रूथनं ते दळून आणून रोट केले, आम्ही जेवायला बसलो, आणि प्रार्थना संपेपर्यंत भिकन घास हातात धरून थांबला, आबांसारखाच.